दुपारी उदंड, दिवेलागणीला ओढाताण: सौरविजेचं वेळापत्रक समजून घेताना

मे २०२५ मधल्या एका रविवारी दुपारी देशाच्या वीजबाजारात, ऐनवेळच्या खरेदी-विक्रीत, विजेचा भाव शून्यावर आला. पाऊस लवकर आला होता, पंखे-एसींची मागणी उतरली होती, सुट्टीमुळे कारखाने आणि कचेऱ्या बंद होत्या, आणि सौर व पवन प्रकल्प मात्र भरात होते. याच बाजारात उन्हाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी भाव युनिटला दहा रुपयांना जाऊन टेकतो. दहा रुपयांवर तो जात नाही, कारण नियामकाने तिथे कमाल मर्यादा घातली आहे.

त्यानंतर दोन महिन्यांतच, जुलै २०२५ मध्ये, केंद्र सरकारने जाहीर केलं की देशाच्या वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी आता कोळसा, गॅस, डिझेल यांच्याविना चालणारी आहे. बातमी खरी आहे आणि आनंदाचीही आहे. पण मग लोक विचारतात: ऊन फुकट, पॅनेल स्वस्त, निम्मी क्षमता स्वच्छ, तरी माझं बिल का उतरत नाही? आणि चंद्रपूरच्या कोळशावरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या अजून धूर का सोडतात?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर घड्याळात आहे. वीज किती तयार होते याइतकंच ती कधी तयार होते याला महत्त्व आहे, आणि पुढची पंधरा-वीस वर्षं आपलं सगळं ऊर्जाधोरण या ‘कधी’भोवती फिरणार आहे.

मेगावॅट वेगळा, युनिट वेगळं

आधी एक घोळ मिटवू. मेगावॅट म्हणजे क्षमता, युनिट म्हणजे प्रत्यक्ष मिळालेली वीज. एक मेगावॅटचं यंत्र पूर्ण ताकदीने तासभर चाललं की एक हजार युनिट तयार होतात. कोळशाचं एक मेगावॅट दिवसरात्र चालवलं तर दिवसाला चोवीस हजार युनिट देऊ शकतं. सौरऊर्जेचं एक मेगावॅट आपल्याकडच्या उन्हात चार ते पाच हजारच देतं, कारण रात्री ते शून्यावर असतं आणि सकाळ-संध्याकाळी अर्धवट.

म्हणून क्षमता निम्मी स्वच्छ असली, तरी आपल्या तारांतून येणाऱ्या दर दहा युनिटांपैकी साधारण सात अजून कोळशाची आहेत. यात कुणी फसवणूक केलेली नाही, दोन्ही आकडे खरे आहेत. फक्त मथळा पहिल्या आकड्याचा होतो आणि बिल दुसऱ्याचं येतं.

वीज साठत नाही, हीच खरी मेख

वीज ज्या क्षणी वापरली जाते, त्याच क्षणी ती तयार व्हावी लागते. एखाद्या खानावळीत शिळी भाकरी वाढायचीच नाही असा नियम असला, तर जेवणारा पाटावर बसला की तवा तापलेला हवा. गिऱ्हाईक वाढलं की हात भराभर चालले पाहिजेत आणि गिऱ्हाईक नसेल तर भाकरी थापायची नाही. वीजयंत्रणा अशीच चालते. फरक इतकाच की तिथे चूक सुधारायला काही सेकंदांचाच अवधी मिळतो.

हा तोल बरोबर आहे का, हे कळायला एक आकडा असतो, ५०. आपल्या विजेचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा आवर्तन घेतो. मागणी वाढून निर्मिती कमी पडली की आवर्तनं मंदावतात, निर्मिती जास्त झाली की वाढतात. देशभर ही वारंवारता ४९.९० ते ५०.०५ या चिंचोळ्या पट्ट्यात ठेवायची असते. ती फार ढळली तर यंत्रं स्वतःला वाचवण्यासाठी एकामागोमाग बंद पडू लागतात. ३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत अंधारात गेला तेव्हा साठ कोटींहून अधिक लोकांना त्याची झळ बसली. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईच्या लोकल रुळांवरच थांबल्या, त्याही पुरवठ्याची साखळी तुटल्यामुळेच.

हा तोल सांभाळायला राज्यात आणि देशात ‘भार प्रेषण केंद्रं’ आहेत. तिथले लोक चोवीस तास पडद्यावर नजर ठेवून कुणाला निर्मिती वाढवायला, कुणाला कमी करायला सांगत असतात. आपल्या घरातला दिवा लुकलुकत नाही याचं श्रेय त्यांना आहे, आणि त्यांची नावं कुणालाच माहीत नसतात.

दुपारचा खड्डा, संध्याकाळचा चढ

आता या यंत्रणेत सूर्य आणा. देशाची सौरक्षमता जानेवारी २०२५ मध्ये एक लाख मेगावॅट ओलांडून गेली. सकाळी नऊनंतर हा सगळा ओघ तारांमध्ये येऊ लागतो. त्याला जागा करून देण्यासाठी कोळशाच्या संचांना, म्हणजे वीज तयार करणाऱ्या यंत्रांना, निर्मिती उतरवावी लागते. पण कोळशाची भट्टी म्हणजे गॅसची शेगडी नाही. तिला एका मर्यादेखाली नेता येत नाही. आपल्याकडे ही मर्यादा क्षमतेच्या ५५ टक्के ठरवलेली आहे. पूर्ण बंद केली तर ती पुन्हा तापवून भरात आणायला कित्येक तास लागतात. म्हणजे दुपारी तिची गरज नसली तरी ती धुमसत ठेवावी लागते, कारण संध्याकाळी ती लागणारच असते.

संध्याकाळी काय होतं? पाचनंतर ऊन उतरतं आणि दोन तासांत सौरवीज शून्याकडे जाते. नेमक्या त्याच वेळी घरोघरी दिवे, मिक्सर, टीव्ही, एसी सुरू होतात. मागणी चढते, सौरपुरवठा उतरतो आणि या दोन्हींमधली दरी दुसऱ्या कुणीतरी भराभर भरून काढावी लागते. भाव दहा रुपयांना टेकतो तो या वेळी.

सौरविजेचा भाव पाहिला तर डोळे दिपतात. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मोहिमेच्या पहिल्या लिलावात सर्वांत कमी बोली युनिटला १० रुपये ९५ पैसे होती. २०२० च्या डिसेंबरात गुजरातमध्ये ती १ रुपया ९९ पैशांवर आली. पण हा भाव दुपारच्या युनिटचा आहे. रात्री आठच्या युनिटचा भाव काढायचा तर त्यात साठवणुकीचा खर्च घालायला हवा, किंवा दिवसभर धुमसत ठेवलेल्या कोळशाच्या संचाचा. बिल न उतरण्याचं हे मोठं कारण आहे. तारा, रोहित्रं, गळती, चोरी, जुनी थकबाकी हे सगळं वेगळं.

पहिला उपाय: मागणीच दुपारी आणा

वीज संध्याकाळपर्यंत नेणं खर्चाचं असेल, तर वापर दुपारी आणता येईल का? महाराष्ट्राने या दिशेने केलेलं एक काम मला देशातल्या ऊर्जाधोरणातलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं, आणि त्याची शहरी वाचकाला फारशी कल्पना नसते.

राज्यात चाळीस लाखांहून अधिक कृषिपंप आहेत. वर्षानुवर्षं त्यांना पाळीने वीज मिळाली: काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. दिवसाची वीज उद्योगांना आणि शहरांना हवी असायची, रात्री कोळशाची वीज शिल्लक राहायची, ती शेताकडे वळवली जायची. थंडीत मध्यरात्री उठून दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जायचं, पायाखाली साप-विंचू, जुन्नर-आंबेगावसारख्या भागात उसातला बिबट्या. यात माणसं मेली आहेत. ‘दिवसा वीज द्या’ ही मागणी घेऊन कित्येक मोर्चे निघाले, ते आळसापोटी नव्हे, जिवाच्या भीतीने.

२०१७ मध्ये राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि २०२३ मध्ये तिची मोठी आवृत्ती, जिचं उद्दिष्ट पुढे १६ हजार मेगावॅटवर गेलं. कल्पना सरळ आहे. शेतीचा फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी वीजवाहिनी, गावठाणापासून वेगळा करायचा, उपकेंद्राजवळच्या जमिनीवर काही मेगावॅटचा सौरप्रकल्प उभारायचा आणि ती वीज दिवसा त्याच फीडरवरच्या पंपांना द्यायची. दूरवरून वीज वाहून आणण्यातली गळती वाचते, शेतकऱ्याची रात्र वाचते, आणि सूर्य जेव्हा वीज देतो नेमकं तेव्हाच ती वापरली जाते. साठवणुकीचा प्रश्नच उरत नाही. पाणी रानात गेलं की काम झालं. दुसऱ्या आवृत्तीतला पहिला प्रकल्प २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला सुरू झाला, तीन मेगावॅटचा.

‘पण आमचं गायरान का घेता?’

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एका मेगावॅटला चार-पाच एकर जमीन लागते. योजनेत खाजगी जमिनीला वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये भाडं आणि दरवर्षी तीन टक्के वाढ आहे. कोरडवाहू, खडकाळ रान असलेल्या मालकाला हा सौदा बरा पडतो. पण प्रकल्पवाल्यांना सरकारी जमीन सोपी जाते, आणि गावातली सरकारी जमीन म्हणजे बहुतेकदा गायरान. तिथे धनगराची मेंढरं चरतात, भूमिहीनांची गुरं चरतात, काही ठिकाणी दलित-आदिवासी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या ती कसत आली आहेत. कागदावर ती जमीन ‘पडीक’ असते. ग्रामसभेत नीट चर्चा न करता तिथे कुंपण पडलं, तर सौरऊर्जेबद्दल गावाच्या मनात जी अढी बसेल ती पुढच्या दहा प्रकल्पांना नडेल. यावर उपाय तांत्रिक नाही. आधी विचारणं आणि चराईला पर्यायी जमीन देणं, एवढाच आहे.

दुसरा धोका जमिनीखालचा आहे. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना राज्यात वीज मोफत आहे. दिवसा, भरवशाची आणि फुकट वीज मिळाली की मोटर बंद करायचं कारणच राहत नाही. मराठवाड्यात बोअर आधीच कुठल्या कुठे खोल गेल्या आहेत. पाणी मोजण्याची आणि पीकपद्धती बदलण्याची सोय सोबत आली नाही, तर कार्बन वाचवताना पाणी गमावून बसू.

शहरात काय बदलतंय: तासागणिक दर

केंद्राने २०२३ मध्ये नियम केला की विजेचा दर वेळेनुसार वेगळा असावा: उन्हाच्या तासांत दहा ते वीस टक्के कमी, गर्दीच्या तासांत जास्त. याला ‘टाइम ऑफ डे’, म्हणजे टीओडी म्हणतात. महाराष्ट्रात जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर युनिटमागे सवलत मिळू लागली.

उद्योगांसाठी हा बदल जास्त मोठा आहे. त्याआधी महावितरणच्या औद्योगिक ग्राहकाला रात्री दहा ते सकाळी सहा सवलत होती, युनिटला दीड रुपया. भट्ट्या, फाउंड्र्या, सूतगिरण्या यांनी रात्रपाळीचं गणित त्यावर बसवलं होतं. नव्या रचनेत सवलत रात्रीवरून दिवसावर आली आणि संध्याकाळ महाग झाली. विजेच्या दृष्टीने हे अगदी बरोबर आहे. पण ज्याने रात्रपाळीसाठी कामगार, यंत्रं, कर्ज यांची घडी बसवली, त्याच्यासाठी हा धक्का आहे. असा बदल दोन-तीन वर्षं आधी सांगून, टप्प्याटप्प्याने व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

घरगुती ग्राहकाचा आक्षेपही रास्त आहे: दिवसभर घरात असतं कोण? नोकरी करणारं जोडपं सातला घरी येतं, तेव्हाच कुकर, मिक्सर, एसी लागतो. वॉशिंग मशीन टायमरवर लावता येईल, गीझर सकाळी साडेनऊला ढकलता येईल, पाण्याच्या टाकीचा पंप सोसायटी दुपारी चालवू शकेल. मोठी बचत मात्र त्यालाच होईल ज्याच्याकडे विजेवर चालणारी गाडी आहे आणि ती दुपारी चार्ज करायची सोय आहे. म्हणून घरगुती ग्राहकाला दिवसाची सवलत द्यावी, संध्याकाळचा दंड लावू नये. दोन खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबाने स्वयंपाक किती वाजता करावा हे दरपत्रकाने ठरवू नये.

छतावर पॅनेल आहे, तरी लाइट गेल्यावर अंधार का?

हा प्रश्न हमखास विचारला जातो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं, आणि महाराष्ट्रात छताछतांवर पॅनेल दिसू लागली आहेत. पण बाहेरची लाइन गेली की छतावरचं साधं सौरयंत्रही मुद्दाम बंद पडतं. तुमच्या छतावरून वीज तारेत जात राहिली, तर लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल. बॅटरी आणि वेगळा इन्व्हर्टर लावला तर घरापुरती वीज चालू ठेवता येते, पण त्याचे पैसे वेगळे.

आणखी एक गोष्ट. दुपारी तारेत पाठवलेलं युनिट आणि रात्री तारेतून घेतलेलं युनिट आज घरगुती ग्राहकाच्या बिलात एकास एक वजा होतं. सौरऊर्जेची सवय लागावी म्हणून हे आवश्यक होतं. पण वर पाहिलं तसं, या दोन युनिटांची खरी किंमत सारखी नाही. फरक पॅनेल नसलेल्या ग्राहकाकडून वसूल होतो. हा हिशेब कधीतरी बदलेल. ज्यांनी आज गुंतवणूक केली त्यांचे नियम मध्येच बदलू नयेत, एवढं पथ्य मात्र पाळायला हवं.

दुसरा उपाय: पाणी डोंगरावर चढवा

मागणी कितीही हलवली तरी संध्याकाळ उरतेच. तिथे सह्याद्री कामाला येतो. एक हजार लिटर पाणी, म्हणजे गच्चीवरची एक मोठी टाकी, चारशे मीटरवरून खाली सोडलं तर सुमारे एक युनिट वीज मिळते. तेच पाणी पुन्हा वर चढवायला साधारण सव्वा युनिट लागतं. दुपारी वीज कवडीमोल असताना पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी खाली सोडायचं. पाव युनिट वाया गेलं तरी सौदा फायद्याचा. याला उदंचन जलविद्युत म्हणतात.

आपल्याकडे हे नवं नाही. घाटघरला प्रवरेच्या उगमाच्या भागात वर एक धरण आणि खाली शहापूर तालुक्यात चोंढे इथे दुसरं, दोन्हींमध्ये चारशे मीटरची उतरंड, आणि २५० मेगावॅटचा प्रकल्प २००८ पासून आहे. सहा तास चालला की पंधरा लाख युनिट मिळतात. तो बांधला तेव्हा रात्रीची शिल्लक वीज वापरून पाणी चढवायची कल्पना होती. आता ते दुपारी चढवायचं. टाटांनी १९१५ मध्ये लोणावळ्याच्या तळ्यांचं पाणी खोपोलीला सोडून मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. त्याच कंपनीने २०२३ मध्ये भिवपुरीला १,००० आणि शिरवट्याला १,८०० मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पांसाठी राज्याशी करार केला.

मग ‘कोयना आहे की’, असं कुणी म्हणेल. १,९६० मेगावॅटची कोयना काही मिनिटांत भरात येते आणि राज्याची संध्याकाळ आजवर तिनेच सावरली आहे. पण कोयनेचं पाणी पश्चिमेला वळवण्यावर कृष्णा पाणीवाटप लवादाची वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा आहे, आणि एकदा खाली गेलेलं पाणी अरबी समुद्राला मिळतं. उदंचनात तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरतं, गळती आणि बाष्पीभवनाची तूट भरली की पुरे.

याला किंमत आहे, आणि ती जंगलाची आहे. चारशे मीटरची उतरंड असते तिथेच देवराया, शेकरू आणि आदिवासी पाडे असतात. जुन्या तळ्यांना जोडून होणारे प्रकल्प आणि अख्ख्या पठारावर नवं धरण घालणारे प्रकल्प यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. पहिले लवकर व्हावेत. दुसऱ्यांची एकेकाची कठोर छाननी व्हावी, कारण पाऊस धरून ठेवणारं जंगल तोडून हवामान वाचवण्याचा दावा टिकणार नाही.

बॅटरी, अणू, वारा

बॅटरीचे भाव झपाट्याने पडले आहेत. २०२२ च्या लिलावात एका मेगावॅटच्या दोन तासांच्या साठवणुकीसाठी महिन्याला १० लाख ८० हजारांच्या घरात मागितले गेले. २०२५ पर्यंत बोल्या दोन-अडीच लाखांच्या आसपास आल्या. संध्याकाळचे पहिले दोन तास बॅटरीने आणि त्यापुढचे पाण्याने, अशी विभागणी मला सर्वांत शक्य वाटते. बॅटरीचे सेल बहुतांश चीनमधून येतात, ही चिंता मात्र खरी आहे.

अणुऊर्जा कार्बनमुक्त आहे, आणि १९६९ पासून तारापूर ती देत आलं आहे. पण ती एकाच संथ गतीने चालवायची असते आणि उभी राहायला दशकं लागतात. जैतापूरचे ९,९०० मेगावॅट अजून कागदावरच आहेत. वारा मात्र आपला जुना, दुर्लक्षित मित्र. साताऱ्यातल्या वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर तो पावसाळ्यात, म्हणजे ढगांनी सौरवीज झाकली जाते तेव्हा, सर्वांत जोरात वाहतो, आणि रात्रीही थांबत नाही.

‘सौरऊर्जेने स्पेन अंधारात गेला, तसं झालं तर?’

२८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले तेव्हा हा प्रचार खूप झाला. तिथल्या चौकशीत कारण निघालं ते तारांमधला दाब, म्हणजे व्होल्टेज, प्रमाणाबाहेर वाढण्याचं, आणि तो आवरण्याची तजवीज अपुरी पडल्याचं. सौरप्रकल्पांनाही हे काम करता येतं, पण तशी उपकरणं आणि तसे नियम आधी करावे लागतात. धडा सूर्याबद्दलचा नाही, तयारीबद्दलचा आहे, आणि तो आपल्यालाही लागू आहे. राजस्थानात आज प्रकल्प तयार आहेत आणि वीज वाहून नेणाऱ्या तारा पुरेशा नाहीत, म्हणून भरदुपारी वीज सोडून द्यावी लागते.

मग चंद्रपूरचं काय?

२,९२० मेगावॅटचं चंद्रपूर केंद्र उद्या बंद होणार नाही. त्याचं काम बदलेल: दुपारी निम्म्यावर, संध्याकाळी पूर्ण. कमी युनिटांवर तोच पगार, तीच देखभाल, तेच कर्ज वाटलं गेल्याने त्याचं प्रत्येक युनिट महाग पडेल, आणि सतत तापवण्या-निववण्याने यंत्रं लवकर झिजतील. पाण्याचा प्रश्न तर आहेच. २०१५ च्या दुष्काळात परळीचं केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. कोळसा होता, थंड करायला पाणी नव्हतं.

चंद्रपूर, घुग्घुस, बल्लारपूर, वणी या पट्ट्याने राज्याला उजेड दिला आणि स्वतः राख व धूळ खाल्ली. खाणवाले रॉयल्टीव्यतिरिक्त, तिच्या प्रमाणात, एक रक्कम तिथल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे, म्हणजे खाणपट्ट्यातल्या लोकांसाठीच्या निधीत, भरतात. खाणी चालू असेपर्यंतच ती येत राहणार. तिथल्या आयटीआयमध्ये आज शिकणारा अठरा वर्षांचा मुलगा २०५० मध्ये चाळिशी ओलांडलेला असेल. त्याला बॉयलरचं काम शिकवायचं की बॅटरी, पारेषण आणि सौर देखभालीचं, हे ठरवायला आणि त्यासाठी हा निधी वापरायला केंद्र बंद होण्याची वाट पाहायची गरज नाही. हे काम या वर्षीच्या अर्थसंकल्पात धरता येईल.